पडद्यावरची आई आधी कोण होती?

१. तुरीची डाळ आणि 'कर्ज'

उन्हाळ्यात आमच्या मुरुम गावात दुपारी बारानंतर कुणी बाहेर पडत नाही. दारं लोटून घ्यायची, पंखा लावायचा आणि टीव्हीवर जे काही लागलं असेल ते बघत हातातलं काम उरकायचं. अशाच एका दुपारी शेजारच्या आक्का ताटात तुरीची डाळ घेऊन आमच्याकडे निवडत बसल्या होत्या. टीव्हीवर 'कर्ज' चालू होता. रवी वर्माची आई पडद्यावर आली तसा आक्कांचा हात थांबला.

"काय गं, ही बाई जन्मल्यापासनं म्हातारीच हाय का?"

मी हसले, पण आक्का गंभीर होत्या. "नाय, खरंच इचारतीय. 'बॉबी'त बी आजी हीच. अकबर बादशाची बायको बी हीच, तवा बी केस पांढरेच. कवा तरी तरणी असंल की!"

हा प्रश्न आक्कांचा एकटीचा नाही. जुने हिंदी सिनेमे टीव्हीवर बघणाऱ्या कित्येकांना तो पडतो. त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं: त्या बाईंचं नाव दुर्गा खोटे, जन्म १४ जानेवारी १९०५, आणि तुम्ही तिला ओळखू लागलात तेव्हा तिची तीस वर्षांची कारकीर्द होऊन गेली होती. पण एवढ्यानं आक्कांचं समाधान होणार नव्हतं आणि माझंही झालं नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. सिनेमाच्या धंद्यात नटीची हिरोईन म्हणून पाच-दहा वर्षं जातात, मग लोक विसरतात. ही बाई १९३१ साली पडद्यावर आली आणि १९८० साली 'कर्ज'मध्ये आहे. मधल्या काळात रंगभूमीवरही गाजली. हे जमलं कसं? नुसतं दीर्घायुष्य लाभलं म्हणून? तसं असतं तर तिच्या बरोबरीच्या सगळ्याच टिकल्या असत्या.

उत्तर जरा मागून, टप्प्याटप्प्यानं घ्यावं लागेल.

२. तारामती होता बाप्या

आधी त्या काळची रीत समजून घेऊ. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. हरिश्चंद्राची राणी तारामती कुणी केली? साळुंके नावाच्या एका पुरुषानं. फाळक्यांना तो एका खाणावळीत काम करताना सापडला होता. त्यांनी बाईसाठी खूप खटपट केली, पण पडद्यावर तोंड दाखवायला कुणी बाई तयार होईना. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी काम केलं, म्हणजे कोंडी फुटली, पण अगदी किंचित. नाटकात तर बालगंधर्वांचं राज्य होतं. शालू नेसून गंधर्व रंगमंचावर आले की बायका घरी जाऊन तसं नेसायला बघत. बाईनं कसं दिसावं हे एक पुरुष ठरवत होता, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

तमाशात बायका होत्याच, कलावंत घराण्यांतल्या गाणाऱ्या होत्या, बायकांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्याही झाल्या होत्या. मग बंदी कुणाला होती? तर 'घरंदाज' बाईला. हा शब्द मोठा लबाड आहे. तो एका बाईची अब्रू वाढवतो आणि त्याच दमात दुसरीची काढून घेतो.

दुर्गाबाई खोटे या अर्थानं पक्क्या घरंदाज. मुंबईतलं लाड घराणं, मूळ गोव्याकडचं, घरात कोकणी. कॅथेड्रल शाळेत शिक्षण, मग सेंट झेवियर्स कॉलेज. लग्न झालं ते खोट्यांच्या श्रीमंत घरात, विश्वनाथ खोटे यांच्याशी. बकुल आणि हरीन ही दोन मुलं झाली. मग सासरच्या श्रीमंतीला उतरती कळा लागली, चार पैसे स्वतः मिळवणं भाग पडलं, आणि ऐन तरुणपणी वैधव्यही वाट्याला आलं. इंग्रजी शिकलेली होती, पण त्या काळी अशा बाईला नोकऱ्या तरी किती होत्या?

१९३१ साली मोहन भावनानी यांच्या 'फरेबी जाल'मध्ये एक छोटं काम मिळालं. सिनेमा सुमार होता आणि नातेवाइकांत नाचक्की झाली ती वेगळी. खोट्यांची सून असल्या सिनेमात! लोकांनी नको नको ते सुनावलं. पण त्याच छोट्या कामात ती व्ही. शांताराम यांच्या नजरेत भरली.

१९३२ साली शांतारामांच्या, कोल्हापूरच्या प्रभात कंपनीनं पहिला मराठी बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. गोष्ट तीच, हरिश्चंद्राची. हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांनंतरची ही तारामती खरोखरीची बाई होती, आणि तीही मराठीत बोलणारी.

याचा परिणाम कसा झाला असेल? समजा गावात बायकांनी स्वतः गिरणीवर दळण न्यायची रीत नाही. एक दिवस पाटलाघरची सून डोक्यावर डबा घेऊन निघाली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी निघतात, महिन्याभरात कुणाला त्यात काही वाटेनासं होतं. दुर्गाबाईंच्या येण्यानं असंच झालं. मला मात्र इथे एक गोष्ट बोचते. पाटलाच्या सुनेआधी ज्या बायका दळण नेत होत्या त्यांचं काय? कमलाबाईंनी अठरा-एकोणीस वर्षं आधी हेच केलं होतं. 'सिनेमाला प्रतिष्ठा मिळवून दिली' असं आपण दुर्गाबाईंबद्दल सहज म्हणतो, तेव्हा ती प्रतिष्ठा थोडी त्यांच्या कामाची आणि बरीचशी आडनावाची होती हे विसरायला नको. आडनावानं फक्त दार उघडलं, पुढची पन्नास वर्षं आडनावावर निघत नाहीत.

३. एक सिनेमा, दोनदा

'अयोध्येचा राजा' मराठीत होता आणि 'अयोध्या का राजा' या नावानं हिंदीतही होता. आजच्यासारखा एकदा काढून दुसऱ्या भाषेत आवाज भरायचा, तसा नाही. आवाज मागाहून भरायची सोय तेव्हा नव्हती. म्हणून तोच सेट, तोच पोशाख, तेच नट, आणि काम मात्र दोनदा. मराठीतून एक टेक, मग तोच प्रसंग हिंदीतून. याला द्विभाषी सिनेमा म्हणू.

हिशेब करून बघा. एका प्रवेशात तारामतीची वीस वाक्यं असतील तर नटीला चाळीस पाठ करावी लागणार. रडायचं असेल तर दोनदा रडायचं. गाणं असेल तर दोनदा गायचं, आणि गायचं म्हणजे खरंच गायचं. दुसऱ्याचा आवाज घेऊन नटीनं ओठ हलवायचे, ही पार्श्वगायनाची पद्धत आपल्याकडे १९३५ साली आली. त्याआधी वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे कुठेतरी आडोशाला बसत आणि नट-नटी तिथल्या तिथे गात. माइक सगळंच ऐकायचा. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरासुद्धा झाकून ठेवावा लागे. नटीनं मान फार वळवली की आवाज गेला. मध्येच कुठे कुत्रं भुंकलं की टेक वाया.

दोन भाषांत काम करणं म्हणजे काय हे मुरुमच्या माणसाला समजावून सांगायची फारशी गरज नाही. कर्नाटकाची सीमा उशाशी आहे. घरात मराठी, बाजारात बऱ्याचदा कन्नड. त्यात १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, शाळेचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे जुनी माणसं तीन भाषांत भांडू शकत. कधी नीट बघा, मराठीत घासाघीस करणारा माणूस कन्नडवर आला की त्याचे नुसते शब्द बदलत नाहीत. हात वेगळे हलतात, भुवया वेगळ्या चढतात, थांबण्याच्या जागा बदलतात. दुर्गाबाईंना हे कॅमेऱ्यासमोर, त्याच साडीत, पाठोपाठ करायचं होतं. कोकणी घरची, इंग्रजी शाळेतली बाई, मराठी आणि हिंदी तारामती. पुढे 'मुघल-ए-आझम'ची उर्दू त्यांच्या तोंडात परकी वाटत नाही, त्याची तालीम इथे झाली असं मला वाटतं.

त्याच साली प्रभातचा 'माया मच्छिंद्र' आला. श्रावणात नवनाथांची पोथी लावणाऱ्यांना ही गोष्ट पाठच असते: स्त्रीराज्यात अडकलेले मच्छिंद्रनाथ आणि त्यांना सोडवायला आलेला गोरख. दुर्गाबाई त्या स्त्रीराज्याच्या राणी. राणीजवळ पाळलेला चित्ता होता, आणि पडद्यावर दिसतो तो चित्ता खराखुरा. एका वर्षात एकीकडे नवऱ्याच्या सत्यापायी विकली जाणारी तारामती आणि दुसरीकडे पुरुषांना मुठीत ठेवणारी, चित्ता बाळगणारी राणी. एका साच्यात बसायचं नाही हे त्यांनी पहिल्या वर्षीच ठरवलं होतं की तसं घडत गेलं, कोण सांगणार? पण झालं खरं.

४. सालगडी व्हायचं की नाही

इथे त्या काळच्या सिनेमा कंपन्यांची पद्धत कळायला हवी. कंपनीचा स्वतःचा स्टुडिओ असे. दिग्दर्शक, सुतार, शिंपी, वाजवणारे, नट, सगळे पगारी. महिन्याला ठरलेला पगार आणि कंपनी सांगेल ते काम. दुसऱ्या कंपनीत जायचं नाही.

आपल्याकडचा सालगडी आठवा. पाडव्याला साल ठरतं, पुढच्या पाडव्यापर्यंत मालकाचं शेत हेच त्याचं शेत. पाऊस पडो न पडो, साल मिळतं. याउलट उक्तं काम घेणारा. त्याला खात्री कसलीच नाही, पण काम कुणाचं घ्यायचं हे तो ठरवतो आणि दरही त्याचाच. दुष्काळ बघितलेला माणूस सालाला नावं ठेवणार नाही. पण मालकानंच शेत विकलं तर सालगड्याचं काय होतं, हेही आपण बघितलेलं आहे.

दुर्गाबाई सालगडी झाल्या नाहीत. प्रभातचे दोन सिनेमे गाजले तरी त्या तिथेच बांधून राहिल्या नाहीत. कोलकात्याला जाऊन न्यू थिएटर्सचा 'राजरानी मीरा' (१९३३) केला, मग देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ईस्ट इंडिया फिल्म कंपनीचा 'सीता' (१९३४). हा 'सीता' इटलीतल्या व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पुन्हा प्रभातकडे, आता पुण्याला, 'अमर ज्योती' (१९३६) साठी. त्यातली सौदामिनी आजही बघण्यासारखी आहे. स्वतःच्या मुलाचा ताबा आईला मिळत नाही, कायदा तिला दाद देत नाही, म्हणून ती समुद्रावर जाऊन चाचे गोळा करते आणि सत्तेवर सूड उगवते. १९३६ साली! १९४२ साली विजय भट्ट यांच्या 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी. १९४३ साली सोहराब मोदींच्या 'पृथ्वी वल्लभ'मध्ये मृणालवती, शत्रुराजाचा माज उतरवायला निघालेली करारी राजकन्या. तेव्हा त्या ३८ वर्षांच्या होत्या. त्या वयात हिरोईनला बहिणीची कामं देऊ लागतात.

मग चाळीसच्या दशकात शेतं विकली जाऊ लागली. युद्धानंतर काळ्या बाजारातला पैसा सिनेमात आला, एकेका सिनेमापुरते निर्माते उगवले, नटांचे भाव वाढले, आणि पगारी माणसं पोसणाऱ्या मोठ्या कंपन्या एकेक करून बसल्या. प्रभात १९५३ साली बंद झाली. ज्यांचं सगळं आयुष्य एका कंपनीच्या फाटकाआड गेलं होतं ते एकाएकी उघड्यावर आले. दुर्गाबाई वीस वर्षं उघड्यावरच होत्या, त्यांना वारा नवा नव्हता.

५. 'मला नको': एक वाक्य, दोन आवाज

इंग्लंडमध्ये पेगी ॲशक्रॉफ्ट नावाची मोठी नटी होऊन गेली. १९०७ चा जन्म, म्हणजे दुर्गाबाईंपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी धाकटी, आणि दोघी गेल्या १९९१ सालीच. पेगीबाई १९२६ साली रंगमंचावर आल्या आणि आयुष्यभर नाटक हेच घर मानलं. सिनेमा केला तो अधूनमधून. सत्तरी उलटल्यावर 'अ पॅसेज टू इंडिया' या भारतात घडणाऱ्या सिनेमातल्या म्हाताऱ्या मिसेस मूरसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. इंग्लंडातली रीतच अशी: आधी रंगभूमीवर पाया घालायचा, मग पडदा.

दुर्गाबाईंची वाट नेमकी उलटी. आधी पडदा, आणि नाव झाल्यावर रंगभूमी. कारण उघड आहे. त्यांच्या तरुणपणी मराठी रंगभूमीवर बायकांच्या जागी पुरुष उभे होते, तिथे पाया घालायला जागाच कुठे होती?

पण उलटं जाणं जास्त अवघड असतं. का, ते एका उदाहरणानं बघू. 'मला नको' हे दोन शब्द घ्या. शेताच्या या बांधावर तुम्ही आहात आणि पलीकडच्या बांधावरून कुणी विचारलं, भाकरी हवी का? तुम्ही काय करता? छातीभर श्वास घेता, 'नकोऽऽ' लांबवता, वर हातही हलवता. आता संध्याकाळी चुलीपुढे बसला आहात, आई ताटात आणखी एक भाकरी टाकू बघते. तुम्ही पुटपुटता, किंवा नुसता हात आडवा धरता. आईला कळतं.

नाटक म्हणजे बांधावरचं बोलणं. शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं, त्याच्या कानापर्यंत शब्द पोचायला हवा. नाटकवाले याला 'आवाजाची फेक' म्हणतात. आमच्या तुळजापूरकडचे गोंधळी बघा. संबळाच्या कडकडाटावरून त्यांचा शब्द मांडवाच्या टोकाला जातो. सिनेमा म्हणजे चुलीपुढचं बोलणं. कॅमेरा हातभर अंतरावर असतो, चेहरा पडद्यावर घराएवढा होतो, पापणी लवली तरी दिसते. बांधावरचा 'नकोऽऽ' तिथे नेला तर हसू येईल. चुलीपुढचं पुटपुटणं रंगमंचावर नेलं तर तिसऱ्या रांगेतला माणूस शेजाऱ्याला विचारील, काय म्हणाली हो? शिवाय सिनेमात चुकलं की पुन्हा टेक घेता येतो. नाटकात चुकलेलं वाक्य चुकलं. तीन तास श्वास पुरवायचा आणि उद्या पुन्हा तेच, तितकंच ताजं.

चुलीपुढे वीस वर्षं काढलेल्या बाईनं चाळिशीनंतर बांधावर उभं राहायचं ठरवलं. इप्टा या नाट्यसंस्थेशी त्यांचा संबंध होता, पण नाटकातलं त्यांचं मोठं काम झालं ते गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघात. गंधर्वांचा काळ ओसरल्यावर सिनेमानं नाटकाची थिएटरं गिळली होती, तेव्हा संघाच्या नाट्यमहोत्सवांनी मराठी नाटकाला पुन्हा श्वास दिला. गंमत बघा, सिनेमानं मारलेल्या नाटकाला उभं करायला सिनेमाचीच नटी आली.

१९५४ साली संघानं 'राजमुकुट' केलं. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'चं वि. वा. शिरवाडकरांनी केलेलं मराठी रूप, दिग्दर्शक हर्बर्ट मार्शल नावाचे इंग्रज गृहस्थ. मॅक्बेथच्या भूमिकेत नानासाहेब फाटक, मराठी रंगभूमीवरचा सर्वांत भरदार आवाज. त्यांच्यासमोर बायको म्हणून दुर्गाबाई, वय ४९. सिंहासनासाठी नवऱ्याला खून करायला लावणारी आणि मग झोपेत चालत हातावरचं न दिसणारं रक्त धुणारी ती बाई. शेक्सपिअरनं ही भूमिका लिहिली तेव्हा ती करायला मिसरूड न फुटलेला मुलगा असे. इंग्लंडच्या रंगभूमीवर बायका आल्या त्या १६६० च्या सुमारास. म्हणजे याबाबतीत साहेब आपल्यापेक्षा अडीचशे वर्षं पुढे असला तरी सुरुवात त्याचीही आपल्यासारखीच होती.

आणि दुसरं नाटक खाडिलकरांचं 'भाऊबंदकी'. त्यात दुर्गाबाई आनंदीबाई. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांच्या पत्रातलं 'धरावे' आनंदीबाईंनी 'मारावे' केलं अशी दंतकथा आहे, त्यावरूनच 'ध चा मा' हा वाक्प्रचार आला. इतिहास काहीही म्हणो, रंगमंचावर आनंदीबाई ही आपली लेडी मॅक्बेथच. दोघी नवऱ्याच्या आडून सत्तेकडे बघतात, कारण त्यांना समोरून बघायची मुभा नाही.

या दोन भूमिका एकाच नटीकडे याव्यात यात मला नवल वाटत नाही. स्त्रीराज्याची राणी, सौदामिनी, कैकेयी, मृणालवती. पडद्यावर त्यांनी जी बाई वीस वर्षं घडवत आणली होती, ती ताठ मानेची आणि सत्तेची भाषा कळणारी होती. रंगभूमीवर त्याच बाईला फक्त मोठा आवाज मिळाला. १९५८ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो मराठी नाटकातल्या अभिनयासाठी. सिनेमाच्या नटीला नाटकवाल्यांनी आपलं म्हटलं, हे सोपं नसतं. नाटकवाले तसे मानी असतात.

६. डांबराखालचा मुरूम

आता आक्कांच्या म्हातारीकडे येऊ.

नटीचं वय वाढलं की तिला दोन रस्ते असतात. वय लपवायचं किंवा वापरायचं. वय वापरणाऱ्यांना सिनेमावाले 'चरित्र अभिनेत्री' म्हणतात. म्हणजे काय? आमच्या गावाच्या नावातच त्याचं उत्तर आहे. रस्ता करताना आधी खडी, मग मुरूम, मग पाणी मारून रोलर, आणि सगळ्यात वर डांबर. लोक डांबराला रस्ता म्हणतात. मुरूम कुणाला दिसत नाही, पण तो नीट दाबलेला नसेल तर पहिल्या पावसात डांबर उखडतं. हिरो-हिरोईन म्हणजे डांबर.

'मुघल-ए-आझम' (१९६०) घ्या. अकबर आणि सलीम या दोघांच्या अहंकाराची ती लढाई आहे, पण ती आपल्याला भिडते जोधाबाईमुळे. एकीकडे नवरा आणि बादशहा, दुसरीकडे पोटचा मुलगा. तिनं कुणाची बाजू घेतली तरी तिचंच काहीतरी मरणार. दुर्गाबाई यात ओरडत नाहीत. चुलीपुढचा आवाज आणि बांधावरचा आवाज दोन्ही हाताशी असलेली बाई कुठला कधी वापरायचा ते जाणते. मुलाचं काम करणारे दिलीपकुमार त्यांच्याहून अठरा वर्षांनीसुद्धा लहान नव्हते.

आणि समोर अकबर कोण? पृथ्वीराज कपूर. १९३४ च्या 'सीता'मध्ये हेच पृथ्वीराज राम होते आणि दुर्गाबाई सीता. सव्वीस वर्षांनी रामाचा अकबर झाला, सीतेची जोधाबाई. (वयानं सीता रामापेक्षा जवळजवळ दोन वर्षांनी मोठी होती, पण हे पोथी वाचणाऱ्यांना सांगू नये.) पुढे १९६३ च्या 'द हाउसहोल्डर'मध्ये पृथ्वीराजांचा धाकटा मुलगा शशी कपूर याच्या आई दुर्गाबाई. १९७३ च्या 'बॉबी'त पृथ्वीराजांचा नातू ऋषी कपूर, आणि त्याला लहानपणी सांभाळणाऱ्या, बॉबीच्या आजी मिसेस ब्रॅगँझा दुर्गाबाई. १९८० च्या 'कर्ज'मध्ये पुन्हा ऋषीच, त्याच्या मागच्या जन्मीची आई दुर्गाबाई. आजोबांची सीता, मुलाची आई, नातवाला सांभाळणारी, आणि मग नातवाची गेल्या जन्माची आई. हे मी आक्कांना बोटांवर मोजून सांगितलं तेव्हा त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "आगं, ही तर त्या घरातलीच झाली की!"

खऱ्या घरातलीही थोडी वंशावळ सांगायला हवी. 'शोले'तला कालिया म्हणजे विजू खोटे हे दुर्गाबाईंचे पुतणे, अभिनेत्री शुभा खोटे पुतणी. आणि धाकट्या मुलाची, हरीनची बायको विजया. हरीन अकाली गेला. विजया मेहता या नावानं पुढे ओळखल्या गेलेल्या या सुनेनं मराठी प्रायोगिक रंगभूमीचा चेहरामोहराच बदलला, १९६० साली सुरू झालेल्या 'रंगायन'पासून. सासूनं 'राजमुकुट' केलं त्याच मुंबईत सहा वर्षांनी सून नाटकाची नवी व्याकरणं मांडत होती. या सासू-सुनांवर कुणी नाटक का लिहिलं नाही, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

म्हातारपणच्या कामांतही एकसाची आई नाही. 'बावर्ची' (१९७२) मध्ये त्या घरातली मोठी सून आहेत. वय ६७ आणि भूमिका सुनेची! सासरे झालेले हरींद्रनाथ चट्टोपाध्याय त्यांच्याहून सातच वर्षांनी मोठे. आणि तरी ती कुरकुरी, सांधे दुखणारी सून खोटी वाटत नाही. 'बिदाई' (१९७४) मधल्या आईसाठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. १९६८ साली पद्मश्री मिळाली होती, १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार पहिल्या बोलक्या मराठी तारामतीला.

त्याच्या एक वर्ष आधी 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आलं होतं. नटीच्या आत्मचरित्रात लोक भानगडी शोधतात. यात पैशाचे हिशेब, घर चालवण्याची धडपड आणि कामाच्या अडचणी जास्त आहेत. मला ते म्हणूनच आवडतं.

७. सुरुवातीची अक्षरं

एक गोष्ट राहिली. उक्तं काम घेणारा हुशार असेल तर एक दिवस स्वतःच ठेका घेतो. दुर्गाबाईंनी ते फार लवकर केलं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातच त्यांनी 'साथी' या सिनेमाची निर्मिती केली, जेव्हा बाई निर्माती असणं हीच बातमी होती. पन्नाशीच्या सुमारास फॅक्ट फिल्म्स ही कंपनी काढून माहितीपट आणि जाहिरातपट करायला घेतले. जाहिरातपट म्हणजे एका मिनिटाचा सिनेमा. ज्या बाईनं तीन तासांची नाटकं केली तिनं साबण-तेलाच्या एका मिनिटाचं गणितही शिकून घेतलं. मूकपट, बोलपट, नाटक, जाहिरातपट. आणि ऐंशीच्या दशकात टीव्ही पसरला तेव्हा तोही. पुढे कंपनीचं नाव दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स झालं.

या कंपनीनं १९८८ साली दूरदर्शनसाठी एक मालिका केली. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतल्या सामान्य माणसावर बेतलेली, कुंदन शाह यांनी दिग्दर्शित केलेली 'वागळे की दुनिया'. अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर. दुर्गाबाई तेव्हा ८३ वर्षांच्या होत्या. त्यानंतर तीन वर्षांनी, २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

मी आक्कांना विचारलं, "वागळे आठवतो का?"

"आठवत न्हाय व्हय? टीव्ही एकच व्हता गल्लीत, अँटेना फिरवायला पोरगं माळवदावर चढायचं. एक बी चुकवला न्हाय मी."

"त्याच्या सुरुवातीला हिचंच नाव यायचं."

आक्का जरा वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुरवातीला अक्षरं यायची तवा मी चहा ठेवायला उठायची गं."